आकडा परत आला पाहिजे

माणूस दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचला की काम झाले, अशी आपल्याकडच्या आरोग्यचर्चेची फार दिवसांची समजूत आहे. एके काळी ती चुकीचीही नव्हती. २००५ साली जननी सुरक्षा योजना सुरू झाली तेव्हा देशात दहापैकी सहा बाळंतपणे घरी होत होती. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दवाखान्यातल्या बाळंतपणांचे प्रमाण ३९ टक्के होते. २०१९-२१ च्या पाहणीत ते ८९ टक्क्यांवर गेले. पंधरा वर्षांत कोट्यवधी कुटुंबांची रीत बदलली, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र योजनेच्या पहिल्या काही वर्षांनंतर नऊ राज्यांतल्या जिल्ह्यांचे आकडे संशोधकांनी ताडून पाहिले, तेव्हा दवाखान्यात बाळंतपणे वाढली तिथेच मातामृत्यू जास्त घटले, असे काही दिसले नाही. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या एका आयोगाने जगाचा हिशेब मांडला. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत योग्य उपचारांनी टळू शकतील असे ८६ लाख मृत्यू दरवर्षी होतात. त्यांपैकी ३६ लाख माणसे उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत, आणि ५० लाख पोहोचूनही मरतात. म्हणजे दाराबाहेरच्या मृत्यूंपेक्षा दाराच्या आतले जास्त.

आत काय बिघडते, असे विचारले की आपल्याकडे तयार उत्तर असते: डॉक्टर नाही, औषध नाही, इमारत गळते. यातले काहीच खोटे नाही. पण ते पुरेसेही नाही, हे मध्य प्रदेशातल्या एका अभ्यासाने फार नेमकेपणाने दाखवले. जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाची भूमिका वठवायला शिकवलेली माणसे खेड्यापाड्यांतल्या डॉक्टरांकडे पाठवली. त्यांत काही डॉक्टर असे होते, जे सकाळी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) बसत आणि उरलेल्या वेळी स्वतःचा खासगी दवाखाना चालवत. डॉक्टर तोच, शिक्षण तेच, तक्रारही तीच. तरी खासगी दवाखान्यात तो जास्त वेळ देई, जास्त प्रश्न विचारी, आणि योग्य उपचार मिळण्याची शक्यता तिथे जास्त असे. यावरून ‘सगळे खासगी करून टाका’ असा निष्कर्ष काढणारे लोक आहेत. त्यांनी त्याच टीमच्या आधीच्या अभ्यासात ग्रामीण मध्य प्रदेशातल्या खासगी उपचार करणाऱ्यांचे ज्ञान आणि त्यांच्या पदव्या कशा निघाल्या, तेही वाचावे. मला यातून वेगळीच गोष्ट दिसते. माहीत असणे आणि करणे यांच्यात मोठी दरी असते, आणि आणखी एक प्रशिक्षण शिबिर घेऊन ती बुजत नाही. ज्याला आधीच येते त्याला पुन्हा शिकवून काय होणार?

मग ती बुजते कशाने? या क्षेत्रातला जो पुरावा हाताशी आहे, त्यातला बराचसा एकाच दिशेला बोट दाखवतो असे माझे मत आहे. जिथे कामाचा आकडा काम करणाऱ्या माणसाकडे लवकर परत येतो, आणि तो पाहून काही बदलण्याची मुभा व साधने त्या माणसाकडे असतात, तिथे सुधारणा होते आणि टिकते. जिथे आकडा फक्त वर जातो, तिथे सुधारतो तो कागद. आपल्या आरोग्य खात्यात आकड्याचा प्रवास कसा होतो ते पाहा. गावातल्या आरोग्य कार्यकर्तीच्या, म्हणजे आशाताईच्या, डायरीतून तो उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या रजिस्टरमध्ये जातो, तिथून पीएचसीच्या मासिक अहवालात, मग तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे, जिल्हा परिषदेत, आणि शेवटी पोर्टलवर. वाटेत त्याची बेरीज होत जाते आणि गावाचे नाव गळून पडते. खाली परत येते ते टार्गेट, नाहीतर खुलासा मागणारे पत्र. गेल्या महिन्यात आपल्या गावात कमी वजनाची किती बाळे जन्मली आणि त्यांतली किती जगली, याचे उत्तर ज्या बाईने ती माहिती लिहून दिली, तिलाच कोणी सांगत नाही.

याच्या नेमके उलट कसे करता येते, याचे जगभर मानले गेलेले उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. नव्वदच्या दशकात त्यांनी नवजात बाळांच्या मृत्यूंचा प्रश्न हाती घेतला, तेव्हा ३९ गावे उपक्रमासाठी आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. लगेच उपचार सुरू न करता १९९५-९६ चे पहिले वर्ष त्यांनी घरी जन्मलेल्या बाळांचे निरीक्षण करण्यात, त्यांच्या आजारांची नोंद ठेवण्यात घालवले. निम्म्याहून जास्त बाळांना जन्मानंतरच्या महिन्यात वैद्यकीय मदतीची गरज पडली होती, आणि ती मिळालेल्यांचे प्रमाण तीन टक्क्यांच्याही खाली होते. पुढची सगळी योजना या आकड्यांतून उभी राहिली. बाळे जंतुसंसर्गाने दगावतात आणि आईबाप त्यांना दवाखान्यात नेत नाहीत, तर उपचार घरी न्यायचा. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्या बाया आरोग्यदूत झाल्या. त्या बाळाचे वजन करू लागल्या, तापमान व श्वास मोजू लागल्या, गुदमरलेल्या बाळाला श्वास देऊ लागल्या आणि गरज पडली तर जेंटामायसिनचे इंजेक्शनही देऊ लागल्या. शेवटच्या गोष्टीवर डॉक्टरी जगात पुष्कळ कपाळे आक्रसली. निकाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. उपक्रमाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला होता. तुलनेच्या गावांत तो ५८ होता, तो ५९.६ झाला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी पूर्वी शंभरात सोळा-सतरा दगावत. आता तीनही नाही.

या यशाचे श्रेय बहुधा इंजेक्शनला किंवा बंग दांपत्याच्या तळमळीला दिले जाते. दोन्ही खरे आहे, पण यंत्रणेतला एक भाग फारसा कोणी सांगत नाही. दर पंधरा दिवसांनी पर्यवेक्षक आरोग्यदूताच्या गावी जाई, तिने भरलेला तक्ता तिच्यासोबत बसून तपासे, नोंद चुकली असेल तर ती का चुकली ते पाही. जन्ममृत्यूंची नोंद वेगळी माणसे स्वतंत्रपणे ठेवत, त्यामुळे झाकाझाकीला जागा राहत नसे. आरोग्यदूताच्या हातातला तक्ता म्हणजे वरच्यांना द्यायचा हिशेब नव्हता. कोणत्या बाळाकडे उद्या पुन्हा जायचे, हे ती त्यातून ठरवी. भारत सरकारने २०११ मध्ये हीच पद्धत आशांमार्फत देशभर नेली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा भेटी, घरी जन्मलेल्यासाठी सात, आणि भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये. भेटी देशभर गेल्या. पंधरवड्याला शेजारी बसून तक्ता पाहणारा माणूस मात्र तेवढ्या जोमाने गेला नाही. त्यामुळे मोजल्या जातात त्या भेटी, भेटीत काय घडले ते नव्हे. आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंचा बराच वेळ फॉर्म गोळा करण्यात जातो, हा त्यांचा दोष नव्हे. त्यांच्याकडून मागितलेच तेवढे जाते.

जामखेडचा धडा वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी भागात काम सुरू केले. त्यांच्या गावआरोग्यसेविकांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते, बऱ्याच दलित होत्या. दर आठवड्याला त्या केंद्रावर जमत, मुक्काम करत, आपापल्या गावात काय घडले ते सांगत, आणि एकीला अडलेले दुसरीच्या अनुभवातून सुटे. रजिस्टर नसले तरी आठवड्याच्या आठवड्याला हिशेब मांडला जाई, आणि तो मांडणारीच तो ऐकून परत कामाला जाई. तिथला अर्भक मृत्युदर सत्तरच्या सुरुवातीला हजारी पावणेदोनशेच्या आसपास होता. नव्वदच्या दशकात तो पंचविसाच्या खाली आला. त्यात पाणी, शेती, जातीच्या भिंती पडणे, हे सगळे आहे, त्यामुळे एकट्या साप्ताहिक बैठकीला याचे श्रेय देणे वेडेपणाचे ठरेल. पण इतकी वर्षे हे काम टिकले कसे, याचे उत्तर त्या बैठकीशिवाय पुरे होत नाही.

आता माझ्या म्हणण्याला अडचणीचा ठरणारा पुरावा. उत्तर प्रदेशात ‘बेटरबर्थ’ नावाचा फार मोठा प्रयोग झाला. त्याचे निकाल २०१७ च्या अखेरीस आले. २४ जिल्ह्यांतली १२० सरकारी प्रसूतिकेंद्रे आणि दीड लाखाहून अधिक माता-बालकांच्या जोड्या. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित प्रसूतीची चेकलिस्ट साठ केंद्रांना दिली आणि ती वापरायला मदत करणारे प्रशिक्षक आठ महिने तिथे येत राहिले. आधी आठवड्यातून दोनदा, मग विरळ. हे प्रशिक्षक नर्सबाईंचे काम पाहत, काय सुटले ते टिपत आणि तिथल्या तिथे त्यांना दाखवत. म्हणजे आकडा परत येत होता. दोन महिन्यांनी पाहिले तर १८ अत्यावश्यक कृतींपैकी सरासरी ७३ टक्के कृती या केंद्रांत होत होत्या. तुलनेच्या केंद्रांत ४२ टक्के. प्रशिक्षकांच्या भेटी थांबून चार महिने झाल्यावर हाच आकडा ६२ वर उतरला. आणि मृत्यू व गंभीर गुंतागुंती मिळून जो निकाल पाहायचा होता, त्यात काहीही फरक नव्हता: एकीकडे १५.१ टक्के, दुसरीकडे १५.३.

या निकालाकडे दोन प्रकारे पाहता येते. एक म्हणजे चेकलिस्ट हेच थोतांड. हे मला पटत नाही, कारण कृती खरोखर सुधारल्या होत्या. दुसरे म्हणजे आकडा परत आला खरा, पण त्याला दोन गोष्टींची साथ नव्हती. तो बाहेरच्या माणसाच्या हातात होता. ती व्यक्ती यायची थांबली की आकडाही थांबला. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हात धुणे, बाळाला आईच्या अंगाशी ठेवणे, वेळेवर इंजेक्शन देणे हे नर्सबाईंच्या हातात होते. पण आईला जास्त रक्तस्राव सुरू झाला किंवा बाळ श्वास घेईना, तर जे कौशल्य, जी साधने आणि वर पाठवायची जी भरवशाची सोय लागते, ती त्यांच्याकडे पुरेशी नव्हती, आणि चेकलिस्ट ती आणून देणार नव्हती. मृत्यू घडतो तो बहुतेक वेळा तिथे. गडचिरोलीत तक्त्यावर ‘संसर्गाची शंका’ अशी खूण पडली की त्याच बाईच्या पिशवीत औषध होते. उत्तर प्रदेशात खूण पडली तरी पुढचा रस्ता अनेकदा बंद. म्हणून माझ्या विधानाचा दुसरा अर्धा भाग, ‘मुभा आणि साधने’, पहिल्याइतकाच वजनदार आहे, आणि सुधारणेच्या नावाने निघालेल्या अनेक योजना तो सोयीस्करपणे विसरतात.

राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातला प्रयोग तर याहून बोलका आहे, जरा करुण विनोदासारखा. तिथली उपकेंद्रे निम्म्याहून जास्त वेळा बंद सापडत. सेवा मंदिर ही संस्था आणि जिल्हा प्रशासन यांनी मिळून नर्सबाईंच्या हजेरीसाठी वेळेचा शिक्का मारणारी यंत्रे बसवली. गैरहजर राहिले तर पगार कापायचा. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि रेचेल ग्लेनर्स्टर यांनी त्याचा अभ्यास केला. पहिले काही महिने हजेरी झपाट्याने वाढली. सोळा महिन्यांत ती पूर्वपदावर आली. यंत्रे बिघडली म्हणून नव्हे; वरिष्ठांनी ‘आज सभा होती’, ‘आज सर्वेक्षण होते’ अशा सवलतीच्या नोंदी वाढवत नेल्या म्हणून. आकडा अचूक होता, पण तो वरच्यासाठी होता, आणि वरच्यालाच तो नकोसा झाला. नर्सबाईंना त्यातून काही शिकायचे नव्हते. गावकऱ्यांना तो कधी दिसलाच नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. ध्येयवेड्या डॉक्टरांच्या संस्था काहीही करून दाखवतील, सरकारी पीएचसीला ते कसे जमणार? हा आक्षेप मी हलका मानत नाही. गडचिरोली आणि जामखेडच्या पाठोपाठ तशीच शंभर केंद्रे उभी राहिली नाहीत, हे खरेच आहे. पण २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू झालेला उच्च रक्तदाब नियंत्रणाचा देशव्यापी उपक्रम या बाबतीत आशा वाढवतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर, राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून तो आधी पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्र या पाच राज्यांच्या २५ जिल्ह्यांत सुरू केला. आपल्याकडे त्यात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा होते. नवे डॉक्टर आणले नाहीत. औषधांची एकच साधी पायरी ठरवली: अमुक गोळीने भागले नाही तर अमुक. महिन्याच्या गोळ्या एकदम द्यायच्या आणि जमेल तिथे रुग्णाच्या घराजवळच्या उपकेंद्रातून द्यायच्या. सगळ्यात मोठा बदल होता मोजण्यात. तोवर बीपीच्या शिबिरात किती जण तपासले हे मोजले जाई. आता अमुक तिमाहीत नोंदवलेल्या रुग्णांपैकी पुढच्या तिमाहीत किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आला, किती जणांचा आला नाही आणि किती जण फिरकलेच नाहीत, हे केंद्राने स्वतःच मोजायचे होते.

हा तीन कप्प्यांचा हिशेब वाटतो तितका किरकोळ नाही. ‘चाळीस टक्के रुग्ण नियंत्रणात’ एवढाच आकडा आला तर डॉक्टरने काय करायचे? पण उरलेल्या साठांतले चाळीस जण आलेच नाहीत असे दिसले, तर औषध बदलून उपयोग नाही, फोन करायला हवा किंवा आशाताईला घरी पाठवायला हवे. याउलट सगळे येतात आणि तरी बीपी उतरत नाही, तर गोळी वाढवायला हवी. एकाच अपयशाची दोन कारणे वेगळी झाली की उपायही सुचतो. न आलेल्यांची नावांसकट यादी केंद्राला रोज दिसेल असे मोबाइल ॲपही होते. निवडक २४ केंद्रांतल्या सुमारे २२ हजार रुग्णांचा माग काढला, तेव्हा पुन्हा भेटीला आलेल्यांपैकी नोंदणीच्या वेळी २६ टक्के लोकांचा रक्तदाब नियंत्रणात होता, नंतरच्या भेटीत सुमारे ६० टक्क्यांचा. आणि नियंत्रण मोठ्या रुग्णालयांपेक्षा लहान, घराजवळच्या केंद्रांत जास्त चांगले होते. साठ हाही काही मिरवण्याजोगा आकडा नाही, परत आलेल्यांतलेच दहापैकी चार रुग्ण अजून बाहेर आहेत. पण तो सरकारी कर्मचाऱ्यांनी, सरकारी औषधांवर, रोजच्या ओपीडीच्या गर्दीत मिळवलेला आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा असतो: एवढी भानगड कशाला, चांगल्या कामाला पैसे द्या, काम आपोआप सुधारेल. ब्रिटनने २००४ मध्ये नेमके हे केले. तिथल्या कुटुंबडॉक्टरांच्या उत्पन्नाचा जवळपास चौथा हिस्सा १४६ निकषांवरच्या गुणांशी जोडला. जगात कुठेही प्राथमिक आरोग्यसेवेत असा प्रयोग इतक्या मोठ्या प्रमाणावर झालेला नव्हता. मधुमेह आणि दम्याच्या उपचारांची गुणवत्ता पहिली काही वर्षे वेगाने वाढली, मग सपाट झाली. ज्या गोष्टींना गुण नव्हते त्यांची घसरण झाली, आणि आपल्या ओळखीचाच डॉक्टर पुन्हा भेटण्याचे प्रमाण घटले. पुढे काही निकषांवरचे पैसे काढले, तर त्या कामांच्या नोंदी लगेच घसरल्या. स्कॉटलंडने २०१६ मध्ये ही पद्धतच बंद केली. पैशाने काही होत नाही असे नाही. आशांना मानधन वेळेवर मिळाले नाही तर कुठलीही गुणवत्ता उभी राहणार नाही. पण पैसे आकड्याला चिकटले की माणूस आकडा सांभाळतो, आणि आकड्याबाहेरचा रुग्ण दिसेनासा होतो. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेसाठीचे ‘कायाकल्प’ पुरस्कार आणि गुणवत्ता मानांकनाची ७० टक्के गुणांची अट यांनी अनेक पीएचसींत जैविक कचऱ्याची व्यवस्था सुधारली, प्रसूतिगृहे नेटकी झाली, हे मान्य करायला हवे. मात्र तपासणीच्या तारखेआधी पंधरा दिवस रंगरंगोटी आणि तारखेनंतर जैसे थे, हा प्रकारही खात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षातून एकदा बाहेरून येणारा गुण हा महिन्याच्या महिन्याला आतून येणाऱ्या आकड्याची जागा घेऊ शकत नाही.

तिसरे म्हणणे आक्षेपापेक्षा पर्यायासारखे असते: आकडा लोकांच्या हातात द्या. महाराष्ट्राने हे करून पाहिले. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून लोकाधारित देखरेख सुरू झाली. आपल्याकडे ती अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाचा उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत होती. गावाने आरोग्यसेवेचे गुणपत्रक हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत भरायचे, आणि जनसुनवाईत ते अधिकाऱ्यांसमोर मांडायचे. पहिल्या काही फेऱ्यांत ‘चांगल्या’ शेऱ्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते ते दोन-तृतीयांशाकडे सरकले. अर्थात गुण देणारे आणि बदल मोजणारे इथे एकच होते, त्यामुळे हा आकडा मी जपून वापरतो. युगांडात तर याच विषयावर दोन अभ्यासांची टक्कर झाली. २००९ मध्ये छापलेल्या अभ्यासात ५० केंद्रांच्या परिसरात लोकदेखरेखीने बालमृत्यू एक-तृतीयांशाने घटल्याचे दिसले होते. नंतर ३७६ केंद्रांवर तशाच धर्तीचा मोठा प्रयोग झाला, त्यात मृत्यूंवर परिणाम दिसला नाही. दबाव उसना आणता येत नाही, असे मला यातून वाटते. जिथे गावाला आकडा कळतो पण नर्सची बदली, औषधांची खरेदी, रिकामे पद यांतले काहीच त्या गावाच्या किंवा त्या मेडिकल ऑफिसरच्या हातात नसते, तिथे जनसुनवाई म्हणजे दोन असहाय बाजूंचे भांडण होऊन बसते. याउलट झारखंड-ओडिशात ‘एकजूट’ या संस्थेने बायांच्या मासिक बैठकांतून स्वतः करता येण्याजोग्या गोष्टी ठरवू दिल्या: स्वच्छ बाळंतपण, बाळाला ऊब, दवाखान्यासाठी आधीच जमवलेली गाडी आणि पैसे. पहिल्या वर्षी काही फरक पडला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ४५ टक्क्यांनी कमी होते. पुढे आशांनीच या बैठका घेतल्या तेव्हाही घट जवळपास ३१ टक्के निघाली. एका आर्थिक वर्षात निकाल मागणाऱ्या योजनेने हा कार्यक्रम पहिल्याच मार्चअखेरीस गुंडाळला असता.

सगळ्यात अवघड आक्षेप खोट्या आकड्यांचा आहे, आणि तो टाळून हा विषय पुरा होत नाही. खालचा माणूस खरे लिहीलच कशावरून? डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने दाखवून दिले होते की, राज्यातले प्रत्यक्ष बालमृत्यू सरकारी दप्तरातल्या नोंदींपेक्षा कितीतरी जास्त आहेत. यावर खात्याची सवयीची प्रतिक्रिया म्हणजे आणखी तपासणी, आणखी पत्रे, आणखी कारवाई. पण मृत्यू लपतो तोच मुळी कारवाईच्या भीतीने. बालमृत्यू नोंदवला की खुलासा मागायचा आणि नोंदवला नाही की शाबासकी द्यायची, असा व्यवहार असेल तर प्रामाणिकपणा हा शिक्षेचा अर्ज ठरतो. केरळात स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून मातामृत्यूंचा आढावा घ्यायला सुरुवात केली, तेव्हा डॉक्टर, रुग्णालय आणि रुग्ण यांची नावे काढून टाकायची, हा पहिला नियम केला. कोण चुकले याऐवजी काय चुकले एवढेच पाहायचे, आणि जे सापडले ते सगळ्या डॉक्टरांकडे परत न्यायचे. तिथून बाळंतपणातल्या रक्तस्रावाच्या उपचारांत ठोस बदल निघाले. शिक्षा करायची ती जागा वेगळी आणि शिकायचे ती जागा वेगळी ठेवता येते, हे त्यांनी दाखवले. पीएचसीच्या मासिक सभेत या दोन्ही जागा आज एकाच टेबलावर आहेत.

आणि रिकाम्या पदांचे काय? मैदानी भागात तीस हजार, आदिवासी भागात वीस हजार लोकांमागे एक पीएचसी, हा नियम आहे. प्रत्यक्षात काही केंद्रे याहून पुष्कळ जास्त लोकसंख्या सांभाळतात, तीही अर्ध्या माणसांनिशी. तिथे जाऊन ‘तुमचा आकडा पाहा’ म्हणणे उर्मटपणाचे आहे, हे मला कबूल आहे. पण आकडा जवळ असलेले केंद्र निदान काय सोडून द्यायचे हे डोळसपणे ठरवू शकते. एकच नर्स असेल आणि नोंदवायची रजिस्टरे तीस असतील, तर त्यांतली कोणती दोन तिच्या कामाची आहेत, हे तिला आणि तिच्या डॉक्टरला ठरवू द्यावे. उरलेली वरच्यांनी आपली आपण भरावीत किंवा मागू नयेत. नोंदींचा भार कमी करणे हा गुणवत्तेचाच कार्यक्रम आहे. यंत्रणेतले लोक हे खासगीत बोलतात, मात्र त्याचे परिपत्रक क्वचितच निघते.

एक ठिकाण असे आहे, जिथे माझा सगळा युक्तिवाद लटपटतो. बीडसारख्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीनंतर गाव सोडतात आणि चार-पाच महिन्यांनी परततात. गावच्या पीएचसीच्या यादीत बीपीचा रुग्ण ‘आला नाही’ या कप्प्यात पडतो, गरोदर बाईची तपासणी सुटलेली दिसते, बाळाची लस राहिलेली दिसते. ज्या साखर कारखान्याच्या परिसरात ती माणसे राहतात, तिथल्या पीएचसीच्या यादीत ती नसतातच. एका केंद्राचा आकडा विनाकारण घसरतो, दुसऱ्याचा विनाकारण चांगला राहतो, आणि ज्या दोन नर्सबाईंनी एकमेकींशी बोलायला हवे त्यांचे जिल्हे वेगळे, कधी राज्येही वेगळी. इथे आकडा परत यायचा तर आधी तो माणसाबरोबर पुढे जायला हवा: तोडीला निघण्यापूर्वी तीन महिन्यांच्या गोळ्या, सोबत नेता येईल असे उपचारांचे कार्ड, आणि कारखान्याजवळच्या केंद्राला आधीच पाठवलेली नावांची यादी. हंगाम कधी सुरू होणार हे साखर आयुक्तालयाला दरवर्षी आधी ठाऊक असते. ती तारीख आरोग्य खात्याच्या वार्षिक नियोजनात घालायला वेगळा निधी लागत नाही.